वावडे आणि विवेक

'वांगे मला बाधते' असे आपण म्हणतो तेव्हा त्या वाक्याचा कर्ता वांगे असते. बोलणारा माणूस केवळ बाधा सोसणारा. केले ते सारे वांग्याने. त्याऐवजी 'मला वांग्याचे वावडे आहे' असे म्हटले की दोषाचे बोट कोणाकडेच रोखले जात नाही. दोघांचे जुळत नाही, एवढेच कळते. आयुर्वेदाने ह्याच अनुभवासाठी 'असात्म्य' हा शब्द योजला. जे स्वतःशी एकरूप होऊ शकते ते सात्म्य, जे होऊ शकत नाही ते असात्म्य. ह्या शब्दात पदार्थाचा स्वभाव आणि खाणाऱ्याचा स्वभाव यांच्यातील नात्याचा विचार आहे. एकाच घटनेकडे पाहण्याच्या ह्या तीन तऱ्हा आहेत, आणि त्यांतली कोणती खरी हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. आलेली वस्तू निरुपद्रवी होती, ज्याने तिला अडवले त्याचा हेतू रक्षणाचाच होता, आणि तरीही घात झाला, अशा ठिकाणी दोष कोणाचा मानावा, हा तो प्रश्न आहे. नीतिविचाराला हा प्रश्न जुनाच आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत वैद्यकाने त्याला एक नवे आणि अतिशय तपशीलवार उदाहरण मिळवून दिले आहे.

ह्या उदाहरणाची सुरुवात समुद्रावर झाली. मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट हा सागरविज्ञानाचा व्यासंगी होता. त्याच्या नौकेवरील सफरीत शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी सागरी जीवांच्या दाहक विषाचा अभ्यास आरंभला. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलांच्या शुंडकांतून काढलेले विष कुत्र्यांना टोचून पाहिले. नेपच्यून नावाचा एक धडधाकट कुत्रा पहिल्या मात्रेतून सुखरूप बाहेर पडला. सुमारे तीन आठवड्यांनी त्याला पुन्हा अल्प मात्रा दिली गेली, आणि अर्ध्या तासाच्या आत तो मरण पावला. एकदा ओळख झालेल्या विषाला शरीर दुसऱ्या वेळी अधिक समर्थपणे तोंड देते, हा त्या काळचा दृढ विश्वास होता. लसीकरणाचे सारे शास्त्र त्यावर उभे होते. इथे तर पूर्वीची ओळखच मारक ठरली होती. संरक्षणासाठी असलेल्या ग्रीक शब्दाला उलटा अर्थ देणारा उपसर्ग जोडून त्यांनी १९०२ साली 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द बनवला. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते ह्याच कार्याबद्दल.

रिशे यांच्या शब्दात एक निवाडा होता: रक्षण उलटले. चारच वर्षांनी, १९०६ साली, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी दुसरा शब्द सुचवला, 'ॲलर्जी'. त्याच्या ग्रीक घटकांचा अर्थ 'निराळे' आणि 'कार्य' एवढाच आहे. पूर्वपरिचयामुळे शरीराचे वागणे बदलते; तो बदल तारक असेल किंवा मारक, शब्दाला त्याचे सोयरसुतक नाही. पुढे लोकव्यवहाराने मात्र ह्या तटस्थ शब्दाचा मारक अर्थ तेवढा उचलला आणि तारक अर्थ सोडून दिला. निवाडा करण्याची घाई भाषेलाही असते, असे म्हणावे लागेल.

त्या निराळ्या वागण्याची रीत आज बरीच उलगडली आहे. समजा, एखाद्या मुलाच्या शरीरात शेंगदाण्यातील प्रथिन प्रथमच शिरले. बाहेरून काहीच घडत नाही. ना खाज, ना सूज. आत मात्र, काही शरीरांत, त्या प्रथिनाविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन ई ह्या वर्गाचे प्रतिपिंड तयार होऊ लागतात. रक्तातील साऱ्या प्रतिपिंडांत ह्या वर्गाचे प्रमाण सर्वांत अल्प, आणि रक्तातील त्याचे आयुष्यही दोन-तीन दिवसांचेच. परंतु तो रक्तात राहण्यासाठी नसतोच. त्वचा, श्वासमार्ग आणि आतडे यांच्या अस्तरांत, रक्तवाहिन्यांच्या कडेने, मास्ट पेशी नावाच्या पेशी वसलेल्या असतात. पाउल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात त्यांचे वर्णन केले. त्या कणांनी गच्च भरलेल्या दिसल्या म्हणून त्यांना 'पुष्ट' अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. ते कण म्हणजे खाऊन साठवलेले अन्न नसून सोडण्यासाठी सज्ज ठेवलेली रसायने होत, हे कळायला पुष्कळ काळ जावा लागला. प्रतिपिंड ह्या पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि तेथे कित्येक आठवडे टिकून राहतात. पहिल्या भेटीची आठवण अशी दारोदार टांगून ठेवली जाते.

तेच प्रथिन पुन्हा आले, की ते ह्या प्रतिपिंडांना चिकटते. इथे एक लक्षणीय तपशील आहे. एका प्रतिपिंडाला एक कण चिकटल्याने पेशी हालत नाही. शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना त्या प्रथिनाने एकत्र जोडले, तरच पेशीच्या आत संदेश जातो. मग पेशीतील कॅल्शियम वाढते, कण पृष्ठभागाशी येऊन फुटतात, आणि काही मिनिटांतच हिस्टामीन बाहेर सांडते. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरू लागतात; त्वचेवर गांधी उठतात; मज्जातंतू चेतून खाज सुटते; श्वासनलिकांचे स्नायू आकसतात. पाठोपाठ त्या पेशी नव्याने तयार केलेली इतर रसायने सोडतात आणि क्षोभ लांबवतात. हे सर्व एका जागी आटोपले तर ती शिंक किंवा पुरळ असते. सर्व शरीरभर एकाच वेळी झाले तर रक्तदाब कोसळतो, श्वास कोंडतो, आणि ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले नाही तर माणूस दगावू शकतो.

ह्या साऱ्या प्रकरणात शेंगदाण्याने काय केले? तो आला, एवढेच. सूज, खाज, श्वासरोध यांपैकी काहीही त्याच्या अंगी नव्हते. घात करणारे प्रत्येक द्रव्य शरीराच्या स्वतःच्या कोठारातले होते. 'शेंगदाणा बाधला' हे वाक्य म्हणूनच असत्य नसले तरी अपुरे आहे. मग हिस्टामीनला दोषी धरावे काय? तेही जमत नाही. १९२७ साली हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताज्या यकृतातून व फुप्फुसातून हिस्टामीन वेगळे काढले, आणि ते निरोगी शरीराचेच द्रव्य आहे हे निश्चित केले. जठरात आम्ल स्रवते त्यात त्याचा वाटा आहे. मेंदू जागा राहतो त्यातही आहे. वावड्यावरची जुनी औषधे घेतली की झोप येते, ती औषधे मेंदूतील हिस्टामीनलाही अडवतात म्हणून. जे द्रव्य आपल्याला जागे ठेवते त्याचेच अवेळी सांडणे आपल्याला गुदमरवते. त्याला विष म्हणणे म्हणजे पुरात घर वाहून गेले म्हणून पाण्यालाच विष म्हणण्यासारखे आहे.

वैराची ही आठवण एका देहातून दुसऱ्या देहात नेता येते, हे १९२१ साली ब्रेस्लाऊ येथे सिद्ध झाले. हाइन्ट्स क्यूस्टनर यांना माशाचे वावडे होते. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्स यांना ते नव्हते. क्यूस्टनर यांचा थोडा रक्तरस प्राउस्निट्स यांच्या त्वचेत टोचण्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला गेला. तेवढ्याच जागी गांध उठली. मासे निर्धास्त खाणाऱ्या माणसाच्या अंगावर तळहाताएवढा एक प्रदेश माशाचा वैरी झाला होता, आणि तोही स्वतःच्या कोणत्याही अनुभवावाचून. रक्तरसातील हा वाहक कोणता, हे कळायला आणखी साडेचार दशके लागली. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी अमेरिकेत व योहान्सन आणि बेनिख यांनी स्वीडनमध्ये तो ओळखला, आणि १९६८ साली त्याचे नामकरण झाले. परंतु १९२१ च्या त्या प्रयोगातील नैतिक आशय वाहकाचे नाव कळण्याची वाट पाहत नाही. आपण ज्यांना कधी भेटलो नाही त्यांच्याविषयीची चीड आपल्यात पुष्कळदा अशीच आलेली असते: दुसऱ्याच्या अनुभवाचा अर्क आपल्या कातडीखाली टोचलेला असतो, आणि गांध मात्र आपल्या अंगावर उठते.

येथवर आलो की 'शरीराची चूक' हा शब्दप्रयोग सहज तोंडी येतो. तो तपासून घेतला पाहिजे. चूक म्हणायची तर तिच्यामागे काही हेतू हवा, किंवा निदान बरोबर वागण्याचे एखादे माप हवे. पेशीला हेतू नसतो. माप असेल तर ते तिच्या इतिहासात शोधावे लागेल. इम्युनोग्लोब्युलिन ई आणि मास्ट पेशी ही व्यवस्था आतड्यांतील कृमींशी झगडण्यात उपयोगी पडते, हे पुष्कळ दिवसांपासून मानले जाते. २००६ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की मास्ट पेशी सापाच्या आणि मधमाशीच्या विषाचा परिणाम सौम्य करतात. आणि २०१३ साली, मधमाशीच्या विषाविरुद्ध तयार झालेला हा प्रतिपिंड उंदरांना पुढच्या दंशापासून काही अंशी वाचवतो, असेही आढळले. म्हणजे शिंकणे, खाजवणे, ओकून टाकणे ह्या क्रिया निरर्थक नव्हेत. विष झटपट बाहेर फेकण्याचा, दंशाची जागा सोडून पळायला लावण्याचा तो मार्ग आहे. शक्ती चुकीची नाही. चुकले ते तिचे लक्ष्य.

याला एक समर्थन दिले जाते. धुराची सूचना देणारी घंटा फोडणीच्या धुरानेही वाजते. ती इतकी हळवी ठेवावी लागते, कारण दहादा खोटी वाजली तर त्रास होतो आणि एकदा खरी वाजायची राहिली तर घर जळते. उत्क्रांतीने शरीराची संरक्षक यंत्रे अशीच हळवी ठेवली आहेत, असे रँडॉल्फ नेस यांच्यासारख्या वैद्यकाच्या अभ्यासकांनी मांडले आहे. युक्तिवाद पटण्याजोगा आहे. पण तो कोणाच्या वतीने केला जातो, हे पाहावे. हा हिशेब जातीचा आहे, व्यक्तीचा नाही. लाखो खोट्या घंटांची किंमत एका खऱ्या आगीपुढे कमी भरते, हे बेरजेत खरे; पण ज्या घरात खोट्या घंटेनेच माणूस मेला त्या घराला ही बेरीज दाखवता येत नाही. निसर्गाच्या वहीत नुकसान 'स्वीकार्य' असू शकते. नीती सुरू होते ती हे 'स्वीकार्य' नक्की कोणाच्या वाट्याला आले, हे विचारण्यापासून. शासने, सैन्ये आणि जमाव जेव्हा 'सुरक्षेसाठी थोडे निरपराध भरडले जाणारच' असे म्हणतात, तेव्हा ते निसर्गाची वही माणसाच्या न्यायासनावर ठेवत असतात.

मात्र ह्या तुलनेत एक धोका आहे, आणि तो नजरेआड करता कामा नये. शरीरावरून समाजाचे नियम काढण्याचा मोह जुना आहे आणि त्याने फार हानी केली आहे. समाज म्हणजे देह, बाहेरचा म्हणजे जंतू, आणि त्याचे निर्मूलन म्हणजे आरोग्य: ह्या रूपकाच्या आधाराने विसाव्या शतकात कत्तली झाल्या. प्रतिरक्षेच्या शास्त्रानेही दीर्घकाळ लष्करी भाषाच वापरली. 'स्व' ओळखणे आणि 'पर' हुसकावणे हे प्रतिरक्षेचे कार्य, अशी मांडणी फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांच्या प्रभावाने रूढ झाली. पण जरा विचार केला तर ही मांडणी रोजच्या ताटासमोरच अडखळते. आपण खातो तो प्रत्येक घास 'पर' असतो. आतड्यांत अगणित जंतू सुखाने नांदतात. गर्भ तर अर्धा पित्याचा, म्हणजे मातेच्या देहाला अर्धा परका. शरीर ह्या साऱ्यांना हुसकावत नाही. शरीराचा बहुतेक काळ लढण्यात जात नाही, न लढण्यात जातो.

आणि हे न लढणे म्हणजे आळस नव्हे. बर्नेट आणि पीटर मेडावर यांना १९६० साली जे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुळात प्रतिरक्षेच्या संपादित सहिष्णुतेबद्दलच होते. २०२५ साली मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना ते मिळाले, ते प्रतिरक्षेचा तोल सांभाळणाऱ्या, इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधांबद्दल. ह्या आवर घालणाऱ्या पेशी नसतील तर शरीर स्वतःवरच तुटून पडते. सहिष्णुता ही दुर्बळाची निष्क्रियता नसून एक शिकलेले, सतत चालू ठेवावे लागणारे कार्य आहे. शरीर समाजाला काही शिकवत असेल, असे मी म्हणणार नाही, कारण शरीर कोणालाच काही शिकवत नाही. परंतु ज्यांनी शरीराच्या नावाने परक्यांचा द्वेष शिकवला त्यांची साक्ष खोटी होती, एवढे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे.

सहिष्णुता केव्हा शिकावी, यालाही महत्त्व आहे. ज्या बालकांना वावडे जडण्याचा संभव अधिक, त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला आणि २००८ साली मागे घेतला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याच्या वावड्याचे प्रमाण १.८५ टक्के, तर ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचा खाऊ मिळतो त्या इस्रायलमधील मुलांत ते केवळ ०.१७ टक्के आढळले. पुढे लंडनमध्ये गिडिअन लॅक यांच्या नेतृत्वाखाली संभाव्य धोका असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. पाच वर्षांच्या वयापर्यंत शेंगदाणा टाळलेल्या मुलांत सुमारे १७ टक्क्यांना वावडे जडले होते. तो नियमित खाल्लेल्यांत सुमारे ३ टक्क्यांना. भीतीने दूर ठेवलेली वस्तूच पुढे भीतिदायक ठरली होती.

ह्या निष्कर्षावरून उतावीळ माणूस लगेच म्हणेल, 'मग सवय लावा, सारे ठीक होईल.' हा उपदेश प्राणघातक आहे. वैर जडण्यापूर्वी जे हितकर असते ते वैर जडल्यावर हितकर राहत नाही. ज्याचे शरीर आधीच सज्ज झाले आहे त्याच्यापुढे ठेवलेला तोच घास मृत्यू असू शकतो. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क अत्यल्प मात्रेत, वाढवत वाढवत टोचून परागज्वराच्या रुग्णांना सहनशील करण्याचा यत्न केला. ती वाट आजही चालू आहे, पण ती जाणत्या देखरेखीखालची, बेताबेताने चालण्याची वाट आहे. दुखावलेल्या माणसाला आणि दुखावलेल्या समाजालाही 'आता विसरा' म्हणून समोरच्याच्या गळ्यात पडायला लावणारे सलोख्याचे उत्साही पुरस्कर्ते हाच भेद विसरतात. पहिल्या भेटीआधीचा मोकळेपणा आणि दुखापतीनंतरचा समेट ह्या दोन निराळ्या विद्या आहेत.

उरतो तो आपल्या बाजूचा, म्हणजे ज्यांना वावडे नाही त्यांच्या बाजूचा प्रश्न. शेंगदाणा मराठी स्वयंपाकात सर्वत्र आहे. कोशिंबिरीत त्याचे कूट असते, उपासाच्या खिचडीत असते, आमटीतही असते. आणि आग्रह हा आपल्या आतिथ्याचा अलंकार आहे. 'एवढ्याशाने काय होतंय?' हे पंगतीतले वाक्य प्रेमाने उच्चारले जाते. त्यामागे मात्र एक नैतिक गृहीत दडलेले असते: जे माझ्या अंगाला लागत नाही ते तुझ्याही अंगाला लागू नये. दोन प्रतिपिंड जोडायला चिमूटभर कूट पुरते, हे आग्रह करणाऱ्याला दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते तो ढोंग किंवा नाजूकपणा मानतो. भारतात २०२० च्या खाद्यपदार्थविषयक नियमांनी वेष्टनावर वावड्याच्या पदार्थांचा उल्लेख आवश्यक केला, हे योग्यच झाले. परंतु कायदा पुडीपर्यंत पोचतो, पंगतीपर्यंत पोचत नाही. तेथे एका माणसाच्या शब्दावर दुसऱ्याने विश्वास ठेवणे एवढाच कायदा असतो.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाला मी असे उत्तर देईन. वावड्याच्या घटनेत दोषी कोणी नाही. ना वांगे, ना शेंगदाणा, ना मास्ट पेशी, ना तो देह. दोष नसतानाही दुःख असते, आणि आपला नीतिविचार दोषी शोधण्यात इतका गुंतलेला असतो की दोषी सापडला नाही तर दुःखच खोटे ठरवण्याकडे त्याचा कल होतो. जबाबदारी दोषातून निर्माण होते तशी जाणिवेतूनही होते. पेशीला शंका घेता येत नाही. तिच्यावर टांगलेली आठवण जुळली की तिने फुटायचे, एवढेच तिला ठाऊक. माणसाला पहिल्या आठवणीनंतर आणि दुसऱ्या भेटीआधी थोडा अवकाश मिळतो. ह्या अवकाशात त्याला विचारता येते, की समोरचा खरोखर कोण आहे आणि माझी चीड कोणाकडून आली. आणि स्वतःला काहीच बाधत नसेल, तर शेजारी बसलेल्याचे 'मला चालत नाही' हे शब्द ऐकून वाढायला नेलेला हात मागे घेता येतो. त्याने कारण सांगितले नाही तरीही.